बेटावरचा मास्तर आणि बेट सोडून गेलेला विद्यार्थी

बेटांवरच्या शाळांची चित्रणे असलेल्या गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्या एकापाठोपाठ एक वाचल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्या जवळजवळ सगळ्या बेट सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडून सांगितलेल्या आहेत. जॉर्ज लॅमिंग यांच्या 'इन द कॅसल ऑफ माय स्किन' (१९५३) या कादंबरीच्या शेवटी निवेदक बार्बाडोसहून त्रिनिदादला निघालेला असतो. नायपॉल यांच्या 'मिगेल स्ट्रीट'चा (१९५९) शेवट विमानतळावर होतो. मर्ल हॉज यांच्या 'क्रिक क्रॅक, मंकी'मधली (१९७०) टी इंग्लंडला जाते, आणि जमैका किंकेड यांची अ‍ॅनी जॉन (१९८५) बोटीवर चढते. शेवटच्या पानावर निरोप, मागे किनारा, आणि त्या किनाऱ्यावर इतर अनेकांबरोबर उभे असलेले शाळेतले मास्तर.

या मास्तरांना त्या कादंबरीत स्वतःचा आवाज नाही. ते छडी मारतात, कविता पाठ करून घेतात, इन्स्पेक्टर आला की घाबरतात, साम्राज्याचा दिवस साजरा करतात. पण घरी गेल्यावर त्यांच्या मनात काय चालते, दुसऱ्या दिवशीचा धडा ते कसा बसवतात, वर्गातल्या तीसातल्या एकोणतीस मुलांचे पुढे काय होणार हे ठाऊक असताना ते काय शिकवतात, हे वाचकाला कधी कळत नाही. कारण उघड आहे. कादंबरी लिहिणारा त्या तीसातला तिसावा आहे.

शिक्षणाच्या दर्जाविषयी बोलताना साहित्य कशाला मध्ये आणायचे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की छोट्या बेट-राष्ट्रांतल्या शिक्षकांविषयी आपली जी समजूत आहे ती अहवालांतून थोडी आणि या कादंबऱ्यांतून फार आलेली आहे. ही समजूत एकांगी आहे, आणि तिच्या एकांगीपणाचे कारण साहित्यिक आहे: निवेदक कोण, हा प्रश्न.

हे मी भिलाईच्या सेक्टर १०मध्ये बसून लिहीत आहे, आणि तेही सांगायला हवे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. या वसाहतीला बेट म्हणणे म्हणजे उपमेची हौस भागवणे होईल. पण काही बाबतींत या पुस्तकांनी मला इथल्याच गोष्टी सांगितल्या. १९५५मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि प्लांटसोबत क्वार्टर, दवाखाने, बाजार, शाळा अशी एक आखीव वसाहत उभी राहिली. शिक्षकही प्लांटचेच नोकर. विद्यार्थी राहतो तशाच क्वार्टरमध्ये राहणारे. वर्गात तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी आणि आमच्यासारखी विदर्भातून आलेली मराठी घरांतली मुले एकत्र. घरी एक भाषा, गल्लीत हिंदी, फळ्यावर इंग्रजी. सेक्टर १०च्या सीनियर सेकंडरी शाळेचे नाव देशभर ज्यांना माहीत आहे त्यांना ते आयआयटीच्या निकालांमुळे माहीत आहे. म्हणजे शाळेची कीर्ती तिच्यातून निघून गेलेल्यांवर उभी आहे. चांगली शाळा कोणती? जिथून जास्तीत जास्त मुले बाहेर पडतात ती. ही व्याख्या बार्बाडोसची, अँटिग्वाची आणि आमचीही.

लॅमिंगपासूनच सुरुवात करतो, कारण शाळेचे इतके दाट चित्र दुसऱ्या कोणत्या कॅरिबियन कादंबरीत मला सापडलेले नाही. साम्राज्यदिनाचा समारंभ आहे. मुले रांगेत उभी, झेंडे लागलेले, इन्स्पेक्टर आलेला. मुलांना प्रत्येकी एक पेनी मिळते आणि राजाचा चेहरा नाण्यावर नेमका कसा उमटवतात यावर त्यांची जी चर्चा रंगते ती विनोदीही आहे आणि अंगावर येणारीही. त्याच भागात गुलामगिरीचा विषय निघतो. गावातल्या एका म्हातारीने काहीतरी सांगितलेले असते, मुलगा मास्तरांना विचारतो, आणि उत्तर असे मिळते की हे फार जुने, दूरचे, आपल्या इथले नव्हेच. एका गुलाम-बेटावरच्या शाळेत गुलामगिरी ही अफवा ठरते. वसाहतीच्या शिक्षणावर याहून नेमकी टीका क्वचितच कोणी केली असेल.

हेडमास्तरांवर मात्र लॅमिंग क्रूर आहेत, आणि मला वाटते, थोडे अन्यायीसुद्धा. त्याच दिवशी त्यांच्या घरातली एक लाजिरवाणी गोष्ट त्यांना कळते आणि तो सगळा राग एका मुलाच्या पाठीवर उतरतो. प्रसंग विसरता येत नाही. पण तो सगळा बाकांवरून दिसतो. इन्स्पेक्टर नावाच्या माणसापुढे एका काळ्या हेडमास्तरची नोकरी किती पातळ दोऱ्यावर लटकलेली असते, त्याला वरून आलेल्या पुस्तकाबाहेरचे बोलायची मुभा किती, हे लॅमिंगना ठाऊक असणारच. स्वतः त्यांनी बार्बाडोस सोडल्यावर चार वर्षे त्रिनिदादमध्ये शिकवले होते. शिवाय त्यांना घडवणारा एक शिक्षक होता: कॉम्बरमियर शाळेतले फ्रँक कॉलिमोर. हे गृहस्थ शाळेत शिकवत, 'बिम' नावाचे वाङ्मयीन नियतकालिक चालवत, आणि विद्यार्थ्यांना स्वतःचे ग्रंथालय उघडे करून देत. कॅरिबियन लेखकांची एक पिढी त्या नियतकालिकाच्या पानांवर उभी राहिली. हे काम त्यांनी बेटावर राहून केले. पण कॉलिमोरांवर लॅमिंगच्या तोडीची कादंबरी कुणी लिहिली नाही. ती व्यक्ती आठवणींत, मुलाखतींत, प्रस्तावनांत राहिली. साहित्याच्या केंद्रस्थानी छडीवाला हेडमास्तर आला, ग्रंथालयवाला मास्तर तळटीपेत गेला.

किंकेड यांच्याकडे गेले की गुंता वाढतो. 'अ‍ॅनी जॉन'मध्ये इतिहासाच्या पुस्तकात बेड्या घातलेल्या कोलंबसाचे चित्र आहे. अ‍ॅनी त्याखाली एक खट्याळ ओळ लिहून ठेवते आणि मिस एडवर्ड तिला मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'चे पहिले दोन सर्ग उतरवून काढायची शिक्षा देतात. वाचक अर्थातच अ‍ॅनीच्या बाजूने असतो. मिस एडवर्ड म्हणजे साम्राज्याची परीटघडी. इथवर सोपे आहे.

तीन वर्षांनी आलेल्या 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) या छोट्या, जळत्या पुस्तकात मात्र त्याच किंकेड वेगळेच दुःख मांडतात. १९७४च्या भूकंपात मोडलेले सार्वजनिक ग्रंथालय वर्षानुवर्षे तसेच पडून आहे, दुरुस्ती होणार अशी पाटी तेवढी लटकते आहे. आणि स्वतंत्र अँटिग्वातली तरुण मुले त्यांना अशिक्षित भासतात. साधा प्रश्न विचारला तर धड इंग्रजीत उत्तर देता येत नाही, असे त्या तक्रारीच्या सुरात लिहितात. त्यांच्या पिढीला येत असे, हेही सांगतात. म्हणजे मिल्टन उतरवून काढायला लावणारी शाळा अत्याचारी होती, आणि ती गेल्यावर आलेली शाळा निकामी आहे. दोन्ही विधाने एकाच लेखिकेची, आणि दोन्हींमागचा संताप खरा.

टीकाकारांनी या विसंगतीला बहुधा 'द्वैधभाव' असा प्रतिष्ठित शब्द देऊन सोडून दिले आहे. मला ती तितकी सूक्ष्म वाटत नाही. किंकेड सोळा-सतराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या, लोकांच्या घरी मुले सांभाळायच्या कामावर. मधल्या वीस वर्षांत वर्गात कोण उभे होते, त्याला पगार किती मिळत होता, प्रशिक्षण मिळाले होते का, पुस्तके कुठून येत होती, आणि बरी तयारी झालेले शिक्षक बेटावर किती काळ टिकत होते, हे त्यांच्या पुस्तकात नाही. भ्रष्ट मंत्री आहेत, बंद ग्रंथालय आहे, अडखळणारी मुले आहेत. मधला दुवा, म्हणजे शिक्षक, गायब आहे. त्यामुळे दर्जा घसरल्याचे दिसते, पण कसा घसरला ते दिसत नाही. २०२४च्या मे महिन्यात छोट्या बेट-राष्ट्रांची संयुक्त राष्ट्रांची चौथी परिषद याच अँटिग्वात भरली. पुढच्या दहा वर्षांचा कार्यक्रम त्या बेटाच्या नावाने ओळखला जातो. 'अ स्मॉल प्लेस' परिषदेला आलेल्यांपैकी किती जणांनी वाचले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मधला दुवा शोधायचा तर वेगळ्या कपाटाकडे जावे लागते. बेरिल गिलरॉय या गयानाच्या. गयाना बेट नाही, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा देश आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तो छोट्या बेट-राष्ट्रांतच धरला जातो, आणि त्याचे शैक्षणिक नशीब कॅरिबियन बेटांसारखेच आहे. गिलरॉय मायदेशी रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या शिक्षिका. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या लंडनला आल्या, आणि शिक्षिकेची नोकरी मिळेपर्यंत त्यांना भांडी घासण्यापासून मोलकरणीच्या कामापर्यंत काय काय करावे लागले. पुढे त्या उत्तर लंडनमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. 'ब्लॅक टीचर' (१९७६) हे त्यांचे आत्मकथन. त्यात वर्ग आतून दिसतो: मुलांचे वास, आयांच्या शिव्या, एखादे मूल अचानक वाचू लागते तो क्षण, सहकारी शिक्षिकांचे गोड विष. ई. आर. ब्रेथवेट यांचे 'टू सर, विथ लव्ह' (१९५९) त्याहून कितीतरी जास्त खपले, त्यावर चित्रपट निघाला, सिडनी पॉइटिए त्यात होते. पण शिकवण्याच्या कामाचे ज्ञान गिलरॉय यांच्या पुस्तकात अधिक आहे. ब्रेथवेट हे मूळचे अभियंते, नाइलाजाने शिक्षक झालेले. त्यांच्या पुस्तकातला नायक स्वतःच्या रुबाबावर जरा जास्तच खूश असतो.

दोन्ही पुस्तकांबद्दल माझा मुद्दा वेगळा आहे. या प्रदेशातल्या शिक्षकाला निवेदकाची खुर्ची मिळाली ती लंडनमध्ये. गिलरॉय यांनी मायदेशात शिकवलेली वर्षे या पुस्तकाचा विषय झाली नाहीत. ईस्ट एंडची गोरी मुले समोर आल्यावर शिकवणे हा 'अनुभव' ठरला, छापण्याजोगा झाला. जॉर्जटाउनच्या वर्गात तीच बाई उभी होती तेव्हा ती कुणाच्या तरी कादंबरीतली मिस एडवर्ड होती.

पुढे हे एकेकट्या माणसांचे स्थलांतर राहिले नाही. २००१च्या सुमारास ब्रिटनमध्ये शिक्षकांचा तुटवडा पडला तेव्हा भरती करणाऱ्या कंपन्या जमैकात उतरल्या आणि एका हंगामात शेकडो प्रशिक्षित शिक्षक उचलून नेले. गणित-विज्ञानाचे आधी. छोट्या देशात एका शाळेतून भौतिकशास्त्राचा एक शिक्षक गेला की तो विषयच बंद पडतो; मोठ्या देशाला ते कळतही नाही. यावर राष्ट्रकुलाच्या शिक्षणमंत्र्यांनी २००४मध्ये शिक्षक-भरतीचा एक करारनामा केला: भरती करणाऱ्याने कसे वागावे, शिक्षकाचे हक्क कोणते, पाठवणाऱ्या देशाचे म्हणणे काय. कायद्याचे बळ त्याला नाही. पण त्याच्या रुक्ष कलमांत लॅमिंग आणि किंकेड यांच्या कादंबऱ्यांत नसलेली एक गोष्ट आहे: शिक्षक हा जाऊ शकणारा माणूस आहे, आणि तो गेला तर मागे काय उरते याचा हिशेब. बोटीवर फक्त हुशार विद्यार्थी चढत नाही. त्याला हुशार करणारा मास्तरही त्याच बोटीवर चढतो.

परीक्षेचा विषय काढायचा तर नायपॉल यांना गाठावे लागते, आणि इथे ते सगळ्यांच्या पुढे आहेत. 'मिगेल स्ट्रीट'मधला इलायस डॉक्टर व्हायचे म्हणत असतो. केंब्रिजची परीक्षा देतो, नापास होतो, पुन्हा देतो, कशीबशी तिसऱ्या वर्गात पास होतो. मग सॅनिटरी इन्स्पेक्टरची परीक्षा. ती द्यायला दुसऱ्या बेटांवरही जाऊन येतो. शेवटी कचऱ्याची गाडी हाकतो. त्याला शिकवणारे टायटस हॉइट यांची नायपॉल टिंगल करतात, पण ही टिंगल वरवरची आहे. खालची गोष्ट अशी की हॉइट आणि इलायस दोघेही अशा एका परीक्षकासाठी जगत आहेत ज्याला त्यांनी कधी पाहिलेले नाही. पेपर समुद्रापलीकडून येतो, उत्तरे समुद्रापलीकडे जातात. मास्तर चांगला की वाईट हे ठरवणारा माणूस त्या गल्लीत कधीच येत नाही. आणि निवेदकाचे काय? त्याची शिष्यवृत्ती त्याच्या आईने एका पुढाऱ्याला पैसे चारून मिळवलेली असते. इतका थंड विनोद नायपॉलच करू जाणे.

कॅरिबियन देशांनी १९७२मध्ये स्वतःचे परीक्षा मंडळ काढले आणि १९७९पासून शालान्त परीक्षा स्वतः घ्यायला सुरुवात केली. लॅमिंग, लव्हलेस, हॉज हे लेखक अभ्यासक्रमात येऊ लागले. ही मोठी गोष्ट होती. आता एक गंमत पाहा: बेट सोडून जाणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या बेटावरचे मास्तर वर्गात शिकवू लागले. त्या कादंबऱ्यांतले मास्तरांचे चित्र ते कसे समजावून सांगत असतील? लव्हलेस यांच्या 'द स्कूलमास्टर'चा (१९६८) धडा घेताना तर विशेषच. डोंगरातले कुमाका नावाचे गाव शाळा मागते, शाळामास्तर येतो, आणि येताना बाहेरची सत्ता घेऊन येतो. गाव त्याच्या मुठीत जाते आणि एका तरुण मुलीचा जीव जातो. लव्हलेस बेटावर राहून लिहिणारे लेखक, त्यांचे गाव आतून पाहिलेले आहे. पण मास्तर त्यांनीही बाहेरचाच रंगवला.

वर्गात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने लिहिलेला, बेटावरच घडलेला एक मजकूर मात्र आहे, आणि तो कादंबरीत नसून एका व्याख्यानात आहे. इपेली हाऊओफा हे टोंगाचे. फिजीतल्या सुवा इथे साउथ पॅसिफिक विद्यापीठात शिकवत. १९६८मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ बारा बेट-देशांच्या सामाईक मालकीचे आहे. १९९३मध्ये हवाईत दिलेल्या 'अवर सी ऑफ आयलंड्स' या भाषणात त्यांनी सांगितले की आपण बरीच वर्षे विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र्यांचे म्हणणे शिकवत होतो: तुमचे देश लहान, दूर, साधनहीन, मदतीवाचून त्यांना भवितव्य नाही. आणि समोर बसलेल्या मुलांचे चेहरे उतरताना दिसत होते. त्या चेहऱ्यांनी शिक्षकाला अडवले. मग त्यांनी उलट मांडणी केली की समुद्र हा बेटांना तोडणारा नाही, जोडणारा आहे. त्यांच्या पूर्वजांचे जग जमिनीच्या चौरस किलोमीटरांत मोजायचे नव्हतेच. या मांडणीवर पुढे खूप टीका झाली, ती रोमँटिक आहे असे म्हटले गेले, आणि त्या टीकेत तथ्य आहे. होड्यांच्या आठवणीवर प्रयोगशाळा उभी राहत नाही. पण मला त्या भाषणात मोलाची वाटते ती त्याची सुरुवात. 'मी शिकवतो आहे त्याने समोरचे मूल लहान होते आहे', हे वाक्य फक्त शिक्षकालाच सुचू शकते. विद्यार्थी-कादंबरीकाराला ते सुचत नाही. तो तोवर बाकावरून उठून गेलेला असतो.

मराठीत काय स्थिती आहे? आपल्याकडे शिक्षकाचे अजरामर चित्र म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर, आणि ते अर्थातच माजी विद्यार्थ्याने काढलेले आहे, गाव सोडून मोठ्या झालेल्या. त्यातला जिव्हाळा खरा आहे, पण तो मागे वळून पाहणाऱ्याचा जिव्हाळा आहे. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त (२००४) शाळा आहे, शिक्षक आहेत, आणीबाणी आहे. दृष्टी नववीतल्या मुलाची. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली (१९६७) लीला बेणारे ही शिक्षिका. तिचे शिकवण्यावरचे प्रेम नाटकाच्या सुरुवातीलाच तिच्या तोंडून येते, पण नाटक तिच्या वर्गात जात नाही, तिच्या खासगी आयुष्याच्या खटल्यात जाते. छोट्या समाजात शिक्षिकेची नोकरी कशी जाऊ शकते याचे त्याहून भेदक चित्र मला माहीत नाही; लॅमिंगचे हेडमास्तर आणि बेणारेबाई यांना शेजारी शेजारी ठेवून कुणीतरी लिहायला हवे.

तरी मराठीजवळ एक ठेवा आहे, तो आपण चुकीच्या कपाटात ठेवला आहे. अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' ग्रंथालयात 'शिक्षण' या विभागात सापडते. ताराबाई मोडक आणि अनुताई यांनी डहाणूजवळ वारली मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग केले. कुरणशाळा म्हणजे काय? मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. आत्मकथनाचा सूर साधा, कधी कधी फारच साधा. संपादकाने कात्री चालवायला हवी होती असे भाग त्यात आहेत. पण मूल आज का आले नाही, या एका प्रश्नामागे एवढ्या चिकाटीने जाणारे गद्य आपल्या कथात्म साहित्यात मला दिसत नाही. शिक्षक राहिला, आणि राहून त्याने लिहिले. कॅरिबियन समीक्षकांना असे पुस्तक मिळाले असते तर त्यांनी त्यावर चर्चासत्रे भरवली असती. आपण ते बी.एड.च्या मुलांना संदर्भासाठी देतो.

आमच्या भागातले उदाहरण याहून कडवट आहे. मुक्तिबोध घरचे मराठी, भाऊ शरच्चंद्र मराठी कवी. गजानन माधव हिंदीत लिहीत. शेजारच्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात ते १९५८पासून शिकवत होते. आधीची बरीच वर्षे शाळामास्तरकीत गेलेली. त्यांनी 'भारत : इतिहास और संस्कृति' हे पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९६२मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. दोन वर्षांत ते गेले. हिंदी समीक्षेत मुक्तिबोधांवर लिहिलेल्या पानांचा ढीग आहे, पण कवीच्या चरित्रातला एक आघात म्हणूनच बहुधा या घटनेकडे पाहिले जाते. एका शिक्षकाने स्वतः शिकवण्याजोगे पुस्तक स्वतः लिहिण्याचा प्रयत्न केला आणि तो मोडून काढला गेला, असे तिच्याकडे पाहिले तर लॅमिंगच्या हेडमास्तरांचे मौनही जरा वेगळे दिसू लागते. पुस्तकाबाहेर बोलायची किंमत काय असते, ते त्यांना माहीत असावे.

आता मराठीचे आणि बेटाचे थेट नाते, म्हणजे मॉरिशस. १८३४नंतर मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेल्या कोकणी माणसांचे वंशज तिथे आहेत. गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, जाखडी अजून नाचतात. महाराष्ट्रातून जाणारे पाहुणे हे सगळे पाहून गहिवरतात आणि परत येऊन प्रवासवर्णन लिहितात. त्या वर्णनांत देऊळ असते, ढोलकी असते, कुणीतरी जुन्या वळणाची मराठी बोलून दाखवलेली असते. मराठीचा तास मात्र क्वचितच असतो.

त्या तासाला काय होते ते पाहण्यासारखे आहे. मॉरिशसच्या प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. मूल घरी क्रिओल बोलते, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, शाळेचे अधिकृत माध्यम इंग्रजी. आणि पूर्वजांची भाषा म्हणून मराठी. २०१२पासून क्रिओल आणि भोजपुरीही प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आल्या, म्हणजे मुलाच्या खऱ्या घरच्या भाषेशीच मराठीला आता स्पर्धा करायची आहे. पौर्वात्य भाषांचे गुण प्राथमिकच्या अंतिम परीक्षेतल्या क्रमवारीत धरायचे की नाहीत यावर तिथे अनेक वर्षे वाद चालला. चांगल्या माध्यमिक शाळेतली जागा त्या गुणांवर हलत होती. शिक्षकांचे प्रशिक्षण मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत होते. आणि वरच्या टोकाला केंब्रिजची ए-लेव्हल. हो, मराठीचीसुद्धा. ज्ञानेश्वरांच्या भाषेचा पेपर इंग्लंडहून निघतो आणि हिंदी महासागरातल्या एका बेटावर सोडवला जातो. इलायसची आठवण येते ती इथे.

अभिमन्यु अनत (१९३७–२०१८) हे त्याच बेटावरचे हिंदी लेखक, अठरा वर्षे हिंदी शिकवलेले. बेट सोडून गेले नाहीत. 'लाल पसीना' (१९७७) ही त्यांची कादंबरी गिरमिटियांची महागाथा म्हणून वाचली जाते, आणि ती तशी आहेच. गावोगावच्या बैठका, जिथे मजूर दिवसभराच्या कामानंतर मुलांना अक्षरे शिकवत, हीच मॉरिशसमधल्या भारतीय भाषांची पहिली शाळा. त्या बैठकांची परंपरा अनतांच्या हाडीमासी होती. तरी त्यांनी महाकाव्य लिहिले ते उसाच्या मळ्याचे. स्वतःच्या अठरा वर्षांच्या वर्गाला त्यांनी तेवढी मोठी कादंबरी दिली नाही. दोष देत नाही. मळ्याचे ऋण आधी फेडायचे होते. पण मग वर्गाचे ऋण कुणी फेडायचे?

वाक्वा किंवा कास्कावेलच्या एखाद्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंसमोर सात-आठ मुले असतात. 'आजी' हा शब्द मुलांना येतो, 'विहीर' येत नाही, कारण विहीर पाहिलेलीच नाही. पाठ्यपुस्तकात विहीर ठेवावी की समुद्र? ळ उच्चारायला शिकवण्यात आठवडा घालवावा, की परीक्षेत ळ बोलून दाखवायचा नसल्यामुळे तो सोडून द्यावा? चुरचुरीत मुलीला फ्रेंचकडे वळावेसे वाटते तेव्हा तिला थांबवायचे का? सेक्टर १०मध्ये आम्ही घरी मुलांना मराठी शिकवताना याच प्रश्नांशी झटापट करतो, तीही परीक्षेशिवाय, म्हणून बरीच ढिलाईने. त्या बाई रोज, पगारावर, आणि वर्षाअखेरीस निकाल दाखवायच्या जबाबदारीने करतात. त्यांच्या टिपणवहीत जे असेल ते लॅमिंग, किंकेड, नायपॉल यांच्या कुठल्याच पानावर मला सापडले नाही. ते त्यांनी मराठीत लिहिले तर या विभागात यावे. क्रिओलमध्ये लिहिले तर या नियतकालिकाच्या दुसऱ्या कुठल्या विभागात यावे, आणि मराठीत आणायचे काम आपल्यापैकी कुणीतरी करावे. प्रस्तावनेत तेवढा जाखडीचा उल्लेख नको.